बोटीवरचा ट्रान्सपॉन्डर आणि इस्रोची दर्यावरची सर्व्हिस: वाऱ्याला पाच स्टार, माशाला तीन

चांद्रयानावर सगळेच लिहितात, मी आमच्या पोटापाण्याच्या सॅटेलाइटांवर लिहितो. देवगडला आमच्या काकांची गिलनेटची, म्हणजे पाण्यात उभं जाळं लावायची बोट आहे. मी दर्यावर कमी आणि डिझेलच्या पावत्या, लायसन, मोबाईल असल्या भानगडीत जास्त, त्यामुळे बोटीवर नवीन काही मशीन आलं की ते आधी माझ्याच गळ्यात पडतं. तर हा रिव्ह्यू तीन गोष्टींचा: मासा कुठे मिळेल ते सांगणारा मेसेज, हवामानाचा अंदाज, आणि बोटीवर बसवलेला ट्रान्सपॉन्डर, म्हणजे सॅटेलाइटमार्फत मेसेज पाठवणारा-घेणारा डबा. तिन्हीच्या मागे इस्रोचे सॅटेलाइट आहेत म्हणून एकत्रच घेतो.

आधी मासा, कारण जो तो तेच विचारतो. हैदराबादला इन्कॉइस म्हणून संस्था आहे, ती रोज सांगते की अमुक बंदरापासून अमुक दिशेला इतक्या किलोमीटरवर, इतक्या खोलीत मासा असायची शक्यता आहे (पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या काळात आणि दर्या खवळलेला असताना बंद असतं ते). हे काढतात पाण्याच्या वरच्या थराचं तापमान आणि पाण्याचा रंग बघून. रंग म्हणजे क्लोरोफिल, म्हणजे पाण्यातलं अगदी बारीक शेवाळ, ते जिथे जास्त तिथे बारीक जीव, त्यांच्यामागे तारली-बांगडा आणि त्यांच्यामागे सुरमई, सरळ हिशोब. हा रंग बघायला इस्रोचे ओशनसॅट आहेत, पहिला 1999 ला गेला, दुसरा 2009 ला, आणि तिसरा, ज्याला ईओएस-06 पण म्हणतात, तो 26 नोव्हेंबर 2022 ला पीएसएलव्ही-सी54 रॉकेटवरून. ओशनसॅट-2 चा कॅमेरा 8 पट्ट्यांत रंग बघायचा, आता 13 पट्टे आहेत.

मग तीनच स्टार का? एक म्हणजे ढग. हा कॅमेरा आपल्या डोळ्यासारखाच, ढगाखालचं पाणी त्याला दिसत नाही, तापमान मोजायचं इन्फ्रारेडचं पण तेच. आमच्याकडे बंदी 31 जुलैला संपते आणि ऑगस्टमध्ये आभाळ कसं असतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. ऐन सीझनच्या सुरुवातीला, जेव्हा भाव चांगला असतो, तेव्हाच हा हात आखडता घेतो. दुसरं, हा मेसेज वरवरच्या पाण्यात थव्याने फिरणाऱ्या मासळीसाठी, तळाच्या कोळंबीवाल्याने त्याच्यावर डिझेल जाळू नये. आणि तिसरं सगळ्यात दुखरं, पॉईंट सगळ्यांना एकच मिळतो. काकांची बोट तिथे पोचेपर्यंत मोठ्या इंजिनाचे पर्ससीनवाले (थवाच्या थवा वेढणाऱ्या जाळ्याचे) जाळं मारून मोकळे झालेले असतात. आता यात सॅटेलाइटचा काय दोष म्हणा, पण छोट्या बोटवाल्याला पदरात काय पडतं ते बघूनच स्टार द्यायचे ना. खोली पण मीटरमध्ये येते आणि काका मोजतात वावात (सहा फुटांचं जुनं माप), मग मोबाईल हातात धरून तोंडातल्या तोंडात निम्मे करत बसतात. निम्म्याहून जरा जास्त धरायला हवेत खरं तर, पण चालतं.

आता वारा. एकदा मी मोठ्या कौतुकाने काकांना ते माशाचे पॉईंट वाचून दाखवत होतो तर म्हणाले, "मासो खय आसा ता माका म्हायत आसा, वारो कधी फिरतलो ता सांग." आणि खरं सांगायचं तर इस्रोची माझ्या मते सगळ्यात भारी सर्व्हिस हीच आहे, फक्त हिची जाहिरात कोणी करत नाही. ओशनसॅटवरच स्कॅटरोमीटर नावाचं यंत्र आहे, ते रडारसारखं मायक्रोवेव्ह लहरी पाण्यावर मारतं, वाऱ्याने पाण्यावर ज्या बारीक बारीक लाटा उठतात त्यांच्यावरून त्या परत येतात आणि त्यातून वाऱ्याचा जोर आणि दिशा दोन्ही कळतात. मायक्रोवेव्ह ढगातून आरपार जाते! म्हणजे एकाच सॅटेलाइटवर एका यंत्राला ढग आडवा येतो आणि दुसऱ्याला त्याचं काही नाही. शिवाय वर 36,000 किलोमीटरवर हवामानाचे इन्सॅट सॅटेलाइट बसलेलेच आहेत, इन्सॅट-3डीएस 17 फेब्रुवारी 2024 ला गेला, ढगांचे फोटो दिवसरात्र येत राहतात. हवामान खातं आणि इन्कॉइस या सगळ्यातून वाऱ्याचा, लाटेचा अंदाज देतात. मे 2021 च्या तौक्ते वादळाला आधीच इशारा आला होता, बंदरातल्या बोटींचं नुकसान झालं ते झालंच, पण निघायच्या आधी कळलं ही मोठी गोष्ट. पाच स्टार, एकही कापणार नाही.

फक्त कळून उपयोग तेव्हा जेव्हा ते बोटीपर्यंत पोचतं. 11 नोव्हेंबर 2009 चं फयान वादळ आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही, सॅटेलाइट तेव्हाही होते पण आत गेलेल्या बोटींपर्यंत निरोप पोचवायची धड सोय नव्हती. किनारा सोडून थोडं आत गेलं की मोबाईल म्हणजे नुसतं घड्याळ, आणि वायरलेस समोरचा टप्प्यात असेल तरच.

ट्रान्सपॉन्डर त्यासाठी. देशभरात 1 लाख बोटींवर बसवायची 364 कोटींची योजना आहे, 30 ऑगस्ट 2024 ला पालघरला उद्घाटन झालं. हिशोब केला तर बोटीमागे 36,400 रुपये, मच्छीमाराला फुकट. डबा बोटीवर, नभमित्र अ‍ॅप मोबाईलवर, दोघं ब्लूटूथने जोडायचे, आणि डबा इस्रोच्या जीसॅट-6 सॅटेलाइटमार्फत बोलतो. या सॅटेलाइटला 6 मीटरची, वर गेल्यावर छत्रीसारखी उघडणारी अँटेना आहे, म्हणून खालचा डबा लहान असला तरी चालतं. रेंज नसताना मेसेज येतो आणि जातो पण, संकटाचा मेसेज बोटीवरून पाठवता येतो, समुद्री हद्दीजवळ गेलं की सावध करतो. दोन्ही बाजूंनी बोलता येणं हा खरा फरक, आधीच्या काही यंत्रांवर निरोप नुसता ऐकता यायचा.

डबा चांगला, बसवणारा दिव्य. आमच्याकडे जो माणूस आला त्याने केबिनच्या आडोशाला, लोखंडाला चिकटवून, दोन स्क्रू मारून फोटो काढला आणि सही घेऊन गेला, ब्लूटूथ कसं जोडायचं ते विचारलं तर "अ‍ॅपमध्ये आहे सगळं". मेसेज जाईना. शेवटी आतेभावाने तो काढून केबिनच्या टपावर, वर मोकळं आभाळ मिळेल असा लावला, वायरीच्या जोडावर ग्रीस भरून वर टेप गुंडाळली, तेव्हापासून व्यवस्थित चालू आहे. सॅटेलाइट शोधायचाय तर आभाळ दिसायला हवं एवढी साधी गोष्ट बसवणाऱ्याला सांगायला लागते म्हणजे कमाल आहे. काही बोटवाले हा डबा बंद ठेवतात, बॅटरी उतरते म्हणून सांगतात. बोट कुठे आहे ते किनाऱ्यावर दिसतं ना, मग काहींची बॅटरी लवकर उतरते.

रस्ता शोधायला मात्र अजून सगळ्यांचा भरवसा जीपीएसवर. जीपीएससारखं आपलं देशी नाविक आहे, पण त्याचं घोडं अडलंय. आधीच्या सॅटेलाइटांतली परदेशी अणुघड्याळं बिघडली, मग देशी घड्याळ घेऊन मे 2023 ला नाविकचा नवा सॅटेलाइट एनव्हीएस-01 नीट गेला, पण जानेवारी 2025 चा एनव्हीएस-02, श्रीहरिकोटाचं शंभरावं उड्डाण बरं का, व्हॉल्व्हच्या भानगडीमुळे ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही. दोन स्टार, तेही मेहनतीचे.

ट्रान्सपॉन्डरला चार. अजून बसवायचा असेल तर माणूस निघून जायच्या आधी त्याच्यासमोरच एक मेसेज पाठवून बघा, गेला तरच सही करा. अ‍ॅप तांडेलाच्या, म्हणजे बोट घेऊन जाणाऱ्याच्या मोबाईलमध्ये घाला, आमच्याकडे पहिल्यांदा ते माझ्याच मोबाईलमध्ये होतं आणि मी घरी.