दाराचा रंग दारातच ठरवायला लावणारे दुकान

नागपुरातील इतवारीच्या बाजारातील ज्या जुन्या रंगाच्या दुकानाबद्दल हे लिहीत आहे, त्याचे नाव मुद्दामच देत नाही, कारण यंत्रावर रंग मिसळून देणारी दुकाने आता धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत सगळीकडे झाली आहेत आणि माझे म्हणणे त्यातल्या कोणालाही लागू पडू शकते. आमचे घर पश्चिममुखी आहे. दर्शनी दार फ्लश डोअरचे, म्हणजे सपाट प्लायचे, आणि चौकट सागवानी, पॉलिश केलेली. दारही सागवानी असते तर त्याच्यावर ऑइल पेंटचा हात फिरवण्याचे पाप कोणी केले नसते. पण फ्लश डोअरला रंग लागतोच, आणि तो कोणता, यावर घरात बरेच दिवस एकमत होत नव्हते.

दुकानात शिरल्यावर पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर तयार घराचे चित्र दाखवून त्याच्या दाराला हवा तो रंग चढवून दाखवतात. हा प्रकार दिसायला आकर्षक असला तरी त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे, कारण पडद्यावरचा रंग हा उजेडाचा असतो आणि दारावरचा रंग उजेड परतवणारा असतो. शिवाय चित्रातल्या घराला ना आमची बदामी भिंत, ना आमची चौकट. शेड कार्डाची गत थोडी बरी, पण बोटभर रुंदीच्या पट्टीवरून सात फुटांच्या दाराचा अंदाज बांधणे कठीण असते, आणि गडद रंगांच्या बाबतीत तर फारच.

या दुकानाचे खरे मोल त्यापुढच्या टप्प्यावर कळते. गल्ल्यावर बसणाऱ्या काकांनी आम्हाला हिरवा पसंत पडल्याचे पाहूनही डबा काढला नाही. "ताई, इथं ट्यूबलाइटखाली पाहून काय होते? घरी नेऊन दाराजवळ धरून पाहा न," असे म्हणून त्यांनी हातभर लांबीच्या प्लायच्या पट्ट्या दिल्या. बऱ्याच विकल्या जाणाऱ्या शेडच्या अशा पट्ट्या, प्रायमर आणि दोन हात मारून, त्यांच्याकडे तयारच असतात. थोडी अनामत ठेवून त्या घरी नेता येतात. गिऱ्हाइकाला विकत घेण्याआधी घरी परत पाठवणारा दुकानदार विरळाच.

पट्ट्या चौकटीला टेकवून ठेवल्यावर जे दिसले, ते कोणत्याही कार्डावर दिसले नसते. बाटलीचा हिरवा पोर्चच्या सावलीत सकाळभर काळाच वाटत होता आणि दुपारी चारनंतर तिरके ऊन आले की तेवढ्यापुरता हिरवा होत होता. गडद निळ्याची अडचण संध्याकाळची. पोर्चमध्ये पिवळसर दिवा आहे, त्या प्रकाशात निळ्याचा अंश कमी असल्यामुळे निळे दार अंधारात विरून जाते. गेरूच्या वळणाचा तांबडा एकटा पाहिला तर देखणा होता, पण सागवानी चौकटीचा तपकिरी-नारिंगी रंग त्याच्याच कुळातला असल्यामुळे दार कुठे संपते आणि चौकट कुठे सुरू होते, हेच कळेना. शेवटी उरला तो करड्याकडे झुकलेला मोरपंखी. चौकटीच्या उबदार रंगाशेजारी तो उठून दिसतो, सावलीत काळवंडत नाही आणि पिवळ्या दिव्याखाली थोडा हिरवट झाला तरी ओळख सोडत नाही.

आमच्या कन्येला मात्र संत्र्याचा नारंगी हवा होता. नागपुरात अशी मागणी करणारी ती एकटी नसावी. काकांनी तिला दिलेले उत्तर या दुकानातील सर्वांत उपयोगी माहिती ठरले. यंत्रावर रंग तयार करताना आधी बेस घेतात आणि त्यात स्टेनर, म्हणजे दाट रंगद्रव, सोडतात. फिकट रंगांच्या बेसमध्ये पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असते, त्यामुळे तो खालचे झाकतो. भडक आणि गडद रंगांच्या बेसमध्ये ते जवळजवळ नसतेच. म्हणून भडक पिवळा, नारंगी किंवा लाल रंग दोन हातांत बसत नाही, खालचा जुना रंग डोकावत राहतो. दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना पश्चिमेचे दार दुपारपासून सूर्यास्तापर्यंत भाजत असते. भडक रंगांतील अनेक सेंद्रिय रंगद्रव्ये अशा उन्हात विटतात, तर गेरूतले लोह ऑक्साइड किंवा मोरपंखीला लागणारी थॅलो जातीची निळी-हिरवी रंगद्रव्ये वर्षानुवर्षे टिकून राहतात. अगदी काळपट रंगाने दार तापते ते वेगळेच. फ्लश डोअरच्या कडेची लिपिंग पट्टी अशा तापण्याने सुटू लागते.

रंग मिसळण्याचे काम पाहण्यासारखे आहे. बेसच्या डब्याला झाकणाच्या मधोमध छिद्र पाडून तो यंत्राखाली ठेवतात, वरच्या नळ्यांतून निळ्या, हिरव्या आणि काळ्या स्टेनरच्या बारीक धारा आळीपाळीने पडतात, मग छिद्र बुचाने बंद करून डबा हलवणाऱ्या यंत्रात जातो. बाहेर आल्यावर दुकानातल्या मुलाने झाकणावर रंगाचा ठिपका लावला, पंख्याखाली वाळवला आणि पट्टीशेजारी धरून दाखवला, कारण ओला इनॅमल आणि वाळलेला इनॅमल यांत फरक पडतो. डब्यावर शेडचा क्रमांक, बेसचे नाव आणि प्रत्येक स्टेनरचे प्रमाण छापलेले लेबल चिकटवले जाते. पुढे टचअपसाठी तोच रंग लागला तर या लेबलाशिवाय गत्यंतर नाही, म्हणून त्याचा फोटो काढून ठेवावा.

दाराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हात मारायला एक लिटरचा डबा पुरला. चमकीच्या बाबतीत आम्ही ग्लॉस टाळून सॅटिन घेतले, कारण ग्लॉसमध्ये लांबी (पुट्टी) भरलेला प्रत्येक खड्डा उन्हात दिसतो. धूळ पुसण्याच्या सोयीचा विचार केला तर ग्लॉसच बरा, हेही मान्य करायला हवे. पांढरे किंवा मोतिया दार हवे असणाऱ्यांनी पाण्यात मिसळणाऱ्या इनॅमलची चौकशी करावी, कारण तेलाचा पांढरा इनॅमल, विशेषतः घराच्या आतल्या बाजूला, काळाबरोबर पिवळा पडतो. पश्चिमेचे दार सकाळीच रंगवावे, हा सल्लाही दुकानाचाच. तापलेल्या पृष्ठभागावर रंग इतक्या लवकर ओढतो की ब्रशच्या रेषा तशाच राहतात.

तक्रारीही आहेत. ज्या शेडची पट्टी तयार नसते तिच्यासाठी पूर्ण लिटर घेण्याला पर्याय नाही, कारण 200 मिलिलिटरचे लहान डबे फक्त ठरावीक तयार रंगांत मिळतात. आमचा मोरपंखी एक पायरी करडा करून हवा होता, तेव्हा ही अट जाचक वाटली. मिसळलेला रंग परत घेत नाहीत, ते समजण्यासारखे आहे, पण ही गोष्ट पैसे देण्याआधी स्पष्ट सांगायला हवी होती. आम्हाला ती बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत वाचायला मिळाली. दुकानाने सुचवलेला रंगारी वेळेवर आला नाही आणि आल्यावर प्रायमरनंतर पॉलिश पेपर मारायचे टाळू पाहत होता, तेव्हा रंगारी स्वतःचा न्यावा. बिल पक्के मिळते, 18 टक्के जीएसटी वेगळा दाखवलेला असतो, आणि छापील किमतीवर मागितल्यास थोडी सूटही देतात. सणांच्या आधीच्या आठवड्यांत तिथे उभे राहायला जागा नसते; पट्ट्या पाहायच्या असतील तर पितृपक्षाच्या दिवसांत दुपारी जावे.