सांगलीतली 'वेगळी' शाळा: माझा ५ वर्षांचा अनुभव (३.५ स्टार)

सहावीपासून दहावीपर्यंत मी सांगलीजवळच्या एका छोट्या शाळेत होतो, नाव नको, लोक लगेच ओळखतील. युनिफॉर्म नाही, घंटा नाही, ताईदादा म्हणायचं, सर-मॅडम नाही. पहिला महिनाभर मला वाटायचं आईबाबांनी मला पिकनिकला टाकलंय.

गणित तिथंच कळलं राव. शेकडेवारी शिकायला दादा आम्हाला मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघायला घेऊन गेले, अडत (दलाली), हमाली, तोलाई (वजन करायचे पैसे) कापून शेतकऱ्याच्या हातात किती पडतं ते आम्हीच वहीत मांडलं. सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीचा ग्राफ पण काढलेला, धोका पातळी ४५ फूट आणि २०१९ला पाणी गेलं ५७च्या वर, ती रेघ कागदाबाहेर जायला लागली तेव्हा सगळी पोरं गप्प, कारण निम्म्यांच्या घरात पाणी शिरलेलं.

आता बोंब. शाळेला बोर्डाची मान्यता नाही हे ॲडमिशनला नीट सांगितलंच नाही, नववीत कळलं की दहावीला एकतर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचं नाहीतर एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळा बोर्डातून द्यायची. मी एनआयओएस घेतलं, ५ विषय, परीक्षा वर्षातून दोनदा असते त्यामुळं टेन्शन कमी. पण ३ तास सलग लिहायची सवयच नव्हती, हात अक्षरशः दुखून आला. आणि मावशी अजून विचारते "शाळा सोडलीस का रे?"

फी जरा जास्तच, बस नाही. ॲडमिशन घ्यायची असेल तर आधी नववी-दहावीच्या पोरांशी बोला, ऑफिसात नको.