वण तसाच, छातीवरचे केस मात्र गेले

बायपास होऊन दीड वर्ष झालं होतं. हृदय ठणठणीत, साखर आटोक्यात, तक्रार एकच: छातीच्या मधोमध असलेला टाक्यांचा वण. आधी नुसती रेघ होती. चौथ्या-पाचव्या महिन्यात खालचा भाग फुगायला लागला आणि वर्षभरात करंगळीएवढा जाड, तांबूस, चकचकीत पट्टा झाला. दिसतो कसा, याची पन्नाशी ओलांडल्यावर कोणाला फिकीर? पण खाज जीव काढायची. बनियन घासलं की सुया टोचायच्या, झोपेत खाजवून शर्टाला रक्त लागायचं. जाहिरातीला भुलण्याएवढा मी येडा कसा झालो, असं मुलगा विचारतो. त्याला ती खाज माहीत नाही.

मोबाईलवर जाहिरात आली, ‘ऑपरेशनचा वण लेझरने सपाट, तपासणी मोफत’. क्लिनिक नाशकातच, काचेचा दरवाजा, आत गारेगार. मोफत तपासणी केली ती टॅब घेतलेल्या एका काउन्सेलर मुलीने. तिने ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो दाखवले. आता कळतं की ‘आधी’च्या फोटोंत उजेड बाजूने पडलेला होता, म्हणून वण डोंगरासारखा दिसत होता, आणि ‘नंतर’ उजेड थेट समोरून. शिवाय टाके नुकतेच निघाल्यावर उठलेले काही वण वर्ष-दोन वर्षांत आपोआपही बसतात. त्याचं श्रेय कोणीही घ्यावं.

मग पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ आले, लांबूनच बघून ‘होऊन जाईल’ म्हणाले आणि गेले. वणाला हात लावला नाही. मधुमेह आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, काही विचारलं नाही. मीच सांगितलं, तर काउन्सेलर म्हणाली, “काही टेन्शन नाही अंकल.” आठ सिटिंगचे ९६ हजार, पण आज संध्याकाळपर्यंत ठरवलं तर ६४ हजार. एवढे जवळ नाहीत म्हटल्यावर ‘बिनव्याजी हप्ते’ निघाले, आणि मी तिथल्या तिथे ओटीपी सांगून मोकळा झालो. घरी आल्यावर मेसेज वाचला. कर्ज एका फायनान्स कंपनीचं होतं आणि सगळी रक्कम क्लिनिकला पोचलीही होती. म्हणजे त्यांनी काम करो ना करो, १२ हप्ते माझ्या नावावर. बायको म्हणाली, “अहो, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना एक फोन तरी करायचा होतात.”

सिटिंगमध्ये डोळ्यांवर चष्मा, छातीवर थंड जेल, आणि रबरबँड ताणून सोडल्यासारखे चटके. चौथ्या सिटिंगनंतर बघतो तर वण होता तसाच, कडेने काळे डाग, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं केस साफ गेलेले. ‘रिझल्ट आतून येतो’ असं उत्तर मिळालं. पार्लरमध्ये काम करणारी माझी पुतणी हे ऐकून हसायलाच लागली. पाचव्या वेळी मी मशीनवरचं लेबल वाचलं: डायोड, ८०८ नॅनोमीटर (लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी). केस काढायचं मशीन ते! महिनोन्महिने मी छातीचे केस काढून घेत होतो, तेही कर्ज काढून.

शेवटी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी वण दाबून पाहिला आणि म्हणाल्या, “हा केलॉइड आहे.” साधा उठलेला वण जखमेच्या हद्दीत राहतो, केलॉइड हद्द ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीत शिरतो आणि सहसा आपोआप बसत नाही. छातीचा मधला भाग, खांदे, कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. नुसता कापून काढला तर बहुतेकदा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. उपचार म्हणजे वणातच ट्रायअ‍ॅमसिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन, दर चार आठवड्यांनी, आणि जोडीला सिलिकॉनची पट्टी. इंजेक्शन देण्याआधी त्यांनी साखरेचा रिपोर्ट मागितला. दुखतं भयंकर, वण इतका कडक की औषध आत जाता जात नाही. पण दुसऱ्या इंजेक्शननंतर मी रात्रभर झोपलो.

लेझर म्हणजे सगळंच थोतांड, असं मात्र नाही. मॅडम म्हणाल्या, पल्स्ड डाय लेझरने (तो ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचा) वणाची लाली आणि खाज कमी होऊ शकते, आणि कातडीत बारीक छिद्रं पाडणारा फ्रॅक्शनल सीओटू लेझर इंजेक्शनच्या जोडीला वापरतात. पण केलॉइडवर एकट्या लेझरचा भरवसा नाही आणि आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग पडायची भीती असते. त्यामुळे कोणी ‘लेझर’ म्हणालं की कोणता, ते विचारा, बिलावर लिहून घ्या, आणि आधी वणाचं नाव विचारा. ते ज्याला सांगता येत नाही त्याच्या हातात मशीन कशाला द्यायचं? डॉक्टरांची डिग्री आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी नंबरही मागा. मी मागितला तेव्हा ‘सर आज रजेवर आहेत’.

माझ्या बिलावर ‘स्किन रिज्युव्हनेशन पॅकेज’ आहे, वण हा शब्दच नाही. खाली बारीक अक्षरांत ‘पैसे परत मिळणार नाहीत’. हाताशी राहिला तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेज, ‘वण ९० टक्के जाईल अंकल’. तो डिलीट केला नाही, हे नशीब. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, तर क्लिनिकचा फोन आला की उरलेल्या तीन सिटिंगच्या बदल्यात मिसेसना फेशियल देतो. मिसेस काय म्हणाल्या ते लिहिण्यासारखं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केलाय. मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तारीख अजून मिळायची आहे. हप्ता मात्र दर ५ तारखेला बिनचूक कापला जातो, अजून चार राहिलेत.