रायफल कंपनीला धाडायची की इथल्याच मिस्त्रीकडं द्यायची?

आमच्या पोरीची दहा मीटरची एअर रायफल कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर स्टँडवरनं घसरून फरशीवर पडली त्याला दीड वर्ष झालं, पण अजून कोण ना कोण पालक विचारतोच की तुम्ही वॉरंटीत टाकली का बाहेर दाखवली. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमधनं ब्राँझ आणल्यापासनं आमच्या गल्लीतच तीन घरांत रायफल आलीय, त्यामुळं प्रश्न वाढतच चाललेत. मी दोन्ही करून बसलोय, म्हणून एकदा लिहून टाकतो.

आधी एक, ज्यांच्याकडं लायसनची बंदूक आहे, पॉइंट टूटू असू दे नाहीतर आजोबांची पीक संरक्षणाची बारा बोअर, त्यांनी हे वाचून काही करू नका. १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५ प्रमाणं तसली बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडंही लायसन पाहिजे, ओळखीचा लेथवाला तिथं चालत नाही. आपली ४.५ एमएमच्या छऱ्याची आणि २० ज्यूल ताकदीच्या आतली, लायसन न लागणारी, म्हणून एवढा चॉइस तरी आहे.

तर पडल्यावर बट प्लेटची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या पट्टीची, दांडी वाकली आणि दाबाच्या हवेचा सिलिंडर बसतो तिथनं हवा सुटायला लागली. संध्याकाळी २०० बार दाबानं भरून ठेवायचं आणि सकाळी बघतोय तर काटा १५० च्या खाली. साबणाचं पाणी लावलं की बारीक बुडबुडे.

पहिल्यांदा सरळ मार्गानं गेलो, डीलर, त्याचा वरचा एजंट, मग कंपनी. वॉरंटी कार्ड पुन्हा वाचलं तेव्हा कळलं की पडून झालेलं नुकसान त्यात धरतच नाहीत आणि ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, हा झिजणारा पार्ट, म्हणजे आपल्या कामाचं जवळजवळ काहीच फुकट नाही. दांडीचे पैसे भरले, गळतीचे त्यांनी घेतले नाहीत. नऊ आठवडे गेले. काम मात्र एक नंबर, उगाच नावं ठेवणार नाही, सील नवीन, रेग्युलेटर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) तपासलेला, वर पाच शॉटचा टेस्ट कागद जोडलेला, त्यात पाचांचं मिळून एकच भोक.

पण पोरीनं रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला आणि म्हणाली, "पप्पा, ही माझी न्हाई."

गालपट्टी खाली, बट प्लेट आत, डायॉप्टर (नेम धरायची मागची साइट) मधोमध, ट्रिगर जड. आठ-नऊ महिने कोचनं पाव-पाव मिलिमीटर सरकवून बसवलेलं सगळं टेस्टिंगसाठी शून्यावर नेलेलं, आणि परत आणायचं कुणाच्या डोक्यातच नाही. फोन केला तर पलीकडचा अतिशय नम्रपणे म्हणतोय, "सर, ती प्रोसिजर असते." वहीत अर्धेच आकडे लिहिलेले होते (चूक आमचीच म्हणा), ती रायफल परत तिची व्हायला महिना गेला आणि त्यात जिल्ह्याची निवड चाचणी पण गेली. नऊ आठवडे मी विसरलो असतो, हे विसरलो नाही.

सहा महिन्यांनी दुसऱ्या जॉइंटनं गळायला लागली, तोवर वॉरंटी संपली होती. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडं गेलो. त्यांनी स्क्रूला हात लावायच्या आधी चिकटपट्टी काढली, प्रत्येक सरकत्या भागावर डकवली, पेनानं रेघ मारली आणि पोरीला म्हणाले, "बाळ, तुझी मापं तू लिहून घे पहिली." दोन तासांत रायफल हातात, खर्च दीडशे रुपये. आता खरं सांगायचं तर ओ-रिंग त्यांनी डोळ्यानं जुळवून हायड्रॉलिकच्या दुकानातनं आणलेली, आठ महिन्यांनी बदलावी लागली. बिल नाही, कागद नाही, "गळली तर घेऊन या" एवढीच गॅरंटी. आणि वॉरंटी चालू असताना बाहेर खोललेली कळली तर कंपनी पुढं हात झटकणार, हे धरून चाला.

सिलिंडर आणि रेग्युलेटर मात्र मिस्त्री कितीही भारी असू दे, त्याला देऊ नका. २०० बारची हवा आहे ती, आत साधं तेल गेलं तर पेटू शकतं, आणि सिलिंडरवरची तारीख दहा वर्षांच्या पुढं गेली की मॅचला इक्विपमेंट कंट्रोलमध्ये, म्हणजे सामानाच्या तपासणीत, अडवतात. तेवढं कंपनीचंच काम. बाकी सील, दांडी, स्क्रू, साइटची बारीकसारीक कुरबुर असेल तर मी तरी गाडी उद्यमनगराकडंच वळवतो, तुमचं तुम्ही बघा.

यंदा रेग्युलेटरसाठी परत कंपनीला पाठवावीच लागली. हवा पूर्ण सोडली, सगळ्या पट्ट्यांचे फोटो काढले आणि केसमध्ये वरच मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली, सेटिंग हलवू नये. चिठ्ठी व्यवस्थित घडी घालून परत आली. सेटिंग शून्यावर.