एका ठशावर दोघांचे हात: लिनो, कोलाग्राफ की व्हिस्कॉसिटी?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील दोन चित्रकारांनी मिळून मुद्राचित्रे, म्हणजे ठशावरून कागदावर छापलेली चित्रे, करायचे ठरवले की पहिली चर्चा विषयावर होते. माझ्या मते ती माध्यमावर व्हायला हवी, कारण भागीदारी कशी चालणार हे बरेचसे माध्यमच ठरवते. एकाने केलेले काम दुसऱ्याला बदलता येते का, आणि दोघांनी एकाच वेळी एकाच टेबलाशी असणे भाग आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे लिनोकट (लिनोलियमवर कोरलेला ठसा), कोलाग्राफ (वस्तू चिकटवून केलेला ठसा) आणि व्हिस्कॉसिटी (शाईच्या घट्ट-पातळपणावर चालणारी रंगीत छपाई) यांत अगदी वेगवेगळी मिळतात.

छपाईचे दाबयंत्र, म्हणजे प्रेस, नसेल आणि दोघे दोन गावांत राहत असतील, तर लिनोकट सर्वांत सोयीचा. कागदामागून चमच्याची पाठ घासूनही चांगली प्रिंट निघते. मात्र एकच ठसा टप्प्याटप्प्याने कोरत फिक्यापासून गडदापर्यंत रंग छापायचे असतील, म्हणजेच रिडक्शन पद्धत वापरायची असेल, तर निपाणीच्या जोडीदाराकडे नुसता ठसा पाठवून भागत नाही. पहिल्या रंगात छापलेले सगळे कागदही सोबत जावे लागतात. एकाच चित्राच्या २० प्रिंटांची आवृत्ती हवी असेल तर सुरुवातीलाच पाच-सहा कागद जास्त छापावेत, कारण कोरून गेलेला भाग परत येत नाही आणि आधीच्या रंगावर पुढचा रंग नेमका बसवण्याच्या जुळवणीत चुकलेला कागद वाया जातो. येथील सहकार्य पाळीपाळीचे आहे. माझ्या जोडीदाराने मला आवडलेले अर्धे आकाश एका दुपारी कोरून टाकले होते, आणि त्यावर मला करता येण्यासारखे एवढेच होते की उरलेल्या अर्ध्यात पुढचा रंग कोणता द्यायचा ते ठरवणे. ज्यांना हे सोसवत नाही त्यांनी रिडक्शनच्या वाटेला जाऊ नये. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा करावा आणि ठसे आधीच वाटून घ्यावेत.

कोलाग्राफमध्ये ही अडचण नाही. अमेरिकन कलावंत ग्लेन आल्प्स यांनी १९५०च्या दशकात रूढ केलेल्या या नावामागे चिकटवण्याचीच क्रिया आहे. जाड पुठ्ठ्यावर किंवा हार्डबोर्डवर फेविकॉलने गोणपाट, दोरा, पॉलिश पेपर, वाळलेली पाने असे काहीही बसवावे, लाखेच्या पॉलिशचे दोन-तीन हात द्यावेत, शाई भरून पुसावी आणि ओलसर कागदावर दाबाने छापावे. बेळगावातील वडगावच्या मागावरचे तुटके सूत आणि खानापूरकडच्या भाताची तुसे यांचे पोत आम्ही एका ठशावर शेजारी ठेवले होते. सूत सरळ, शिस्तीत उमटले. तुसांच्या कडांशी शाई अडकून काळे ठिपके राहिले, आणि तेच चित्राचे सर्वांत चांगले अंग ठरले. हे कोणाचे, असे विचारले तर दोघांनाही सांगता आले नसते. एकाने लावलेले दुसऱ्याने खरवडावे, पहिल्याने त्यावर पुन्हा लावावे, असे कितीही वेळा करता येते, म्हणून प्रयोगाला सर्वांत जास्त वाव याच माध्यमात आहे. उणिवा दोन. एक म्हणजे प्रेस लागते. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत रोलर टर्न करून देणारा कारागीर भेटला तर साधी प्रेस उभी राहू शकते, पण तो खर्च आधी वाटून घ्यावा. दुसरी उणीव अशी की ठसा अल्पायुषी असतो, आणि आपल्याकडच्या जुलैत तर फारच. आम्ही पुठ्ठ्याच्या कडांना पॉलिश लावायचे विसरलो. ओल्या कागदाचे पाणी कडेतून शिरले आणि चौथ्या प्रिंटनंतर तुसे सुटू लागली.

व्हिस्कॉसिटीची ओढ अनेकांना असते. स्टॅन्ली विल्यम हेटर यांनी १९२७ मध्ये पॅरिसला सुरू केलेल्या ‘आतलिए १७’ या स्टुडिओत मूळचे आंध्रातील कृष्णा रेड्डी आणि मुंबईत जन्मलेले कैको मोती यांनी हे तंत्र घडवले. म्हणजे तंत्राचा जन्मच सहकार्यातून झाला. ठशावर उंच-सखल पातळ्या असतात. वरच्या पातळीवर कडक रोलरने तेलकट, पातळ शाई द्यायची आणि मग मऊ रोलर दाबून घट्ट शाई खालपर्यंत पोचवायची. घट्ट शाई तेलकट शाईवर बसत नाही, त्यामुळे अनेक रंग एकाच दाबात वेगवेगळे उमटतात. पण त्यासाठी खोल कोरलेली धातूची प्लेट, ती आम्लाने खोदायची असल्यास हवेशीर जागा आणि प्लेटएवढे मोठे रोलर लागतात. घरच्या पडवीत हे जमणार नाही. शिवाय दोघांनी एकाच वेळी हजर असणे जवळजवळ आवश्यक, कारण एकाचे हात शाईत असताना कागद उचलायला दुसऱ्याचे स्वच्छ हात लागतात. सुसज्ज स्टुडिओत आठवडाभर जागा मिळत असेल तरच हा विचार करावा.

एकाच गावात असाल आणि प्रेसची सोय होत असेल, तर पहिल्या कामासाठी मी कोलाग्राफ निवडेन, पावसाळा टाळून, आणि आवृत्ती १० ते १२ प्रिंटांचीच ठेवेन. अंतर असेल तर लिनो, स्वतंत्र ठशांचा. माध्यम कोणतेही असो, सह्यांचा प्रश्न छपाईपूर्वी मिटवावा. डावीकडे पेन्सिलीने आवृत्तीचा क्रमांक आणि उजवीकडे सही हा रिवाज एकट्यासाठी ठीक आहे. दोघांत आधी कोणाचे नाव, यावरून आमचे बिनसता बिनसता राहिले. शेवटी विषम क्रमांकांच्या प्रिंटांवर त्याचे नाव आधी आणि सम क्रमांकांवर माझे, असे ठरले.