पावसाळ्यात घोड्याचे पाय: मलम, धुणं की कोरडं ठाण?

पावसाळ्यात चिखलाने घोड्याच्या पायाला खपल्या धरतात, कातडी भेगाळते. मिरग तोंडावर आला की हे कसं टाळायचं हा प्रश्न घोडेवाल्यापुढे येतोच. पायाला लावायचं मलम आणायचं, रोज धुऊन काढायचं, की ठाणावर, म्हणजे घोडा बांधायच्या जागेवर, मुरूम टाकायचा? तिन्ही जमलं तर उत्तम. एकालाच पैसे पुरणार असतील तर मुरूम टाका.

या रोगाचं मूळ ओलीत आहे. सतत भिजलेली कातडी मऊ पडते, चिखलातल्या वाळूने खरचटते आणि डर्मॅटोफिलस नावाचा जिवाणू आत शिरतो. खुराच्या वर मागच्या खळगीत केसांचे झुपके चिकटतात. त्यांच्याखाली खपली धरते, खपली उचलली की पिवळसर पू आणि लाल कातडी दिसते. पांढऱ्या पायाच्या, गुलाबी कातडीच्या घोड्याला हे लवकर होतं.

ठाण. एका घोड्याला १० बाय १२ फूट जागा धरा. ६ इंच थर म्हणजे ६० घनफूट, अर्ध्या ब्रासपेक्षा (ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडा जास्त मुरूम. कडक मुरूमच घ्या. मातकट मुरमाचा पहिल्याच झडीत राडा होतो आणि पैसे पाण्यात जातात. धुम्मस करताना, म्हणजे मुरूम ठोकून बसवताना, १२ फुटांत ३ इंच उतार द्या आणि उताराच्या टोकाला चर काढा. वर भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा. मुताने ओला झालेला भाग रोज काढा. वर पत्रा हवाच. दिवसभर शेतात भिजलेल्या पायाला रात्रीचे दहा-बारा तास कोरडे मिळाले तरी कातडी सावरते.

धुणं की वाळवून झाडणं? आपल्या बेळगाव जिल्ह्यात हे तालुका बघून ठरवावं लागतं. खानापूरकडच्या तांबड्या मातीत खडे बारीक असतात. ओला चिखल ब्रशने घासला की तेच खडे कातडी सोलतात. उघडीप असेल तर चिखल वाळू द्या, मग मऊ ब्रशने झाडा. पण कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात जुलैत काही वाळत नाही. तिथे संध्याकाळी एकदाच, पाईपचा जोर न लावता पाणी सोडून चिखल उतरवा. निपाणी-चिकोडीच्या काळ्या मातीचा प्रकार वेगळा. ती वाळून ढेकूळ होते आणि ओढली की केसासकट निघते. म्हणून मऊ असतानाच धुतलेली बरी.

धुतल्यावर पाय पुसायला आळस केला तर न धुतलेलं परवडलं. प्रत्येक पायाला कोरडं फडकं घ्या, खळगीत बोट घालून ओल तपासा. एकच फडकं चारी पायांना फिरवलं तर एका पायाची लागण बाकीच्यांना होते.

मलम. झिंक ऑक्साइडचं मलम किंवा साधं व्हॅसलीन पाणी अडवतं, पण स्वच्छ, कोरड्या आणि धडधाकट कातडीवरच. खपलीवर किंवा ओल्या पायावर थापलं तर ओल आणि जिवाणू आतच कोंडतात. बरेच जण नेमके इथे फसतात. शेतात सोडण्याआधी पातळ थर द्या, परत आल्यावर पुसून काढा. जळकं ऑइल, फिनेल, रॉकेल यांनी कातडी भाजते, ते नकोच. पायाला बांधायचे बूट-पट्टे आपल्याकडच्या दमट हवेत फारसे कामाचे नाहीत. आत चिखल गेला की दिवसभर घासत राहतो.

पायावरचे लांब केस कात्रीने आखूड करा, पाय लवकर वाळतो. वस्तऱ्याने तासू नका.

रोग लागलाच तर आधी घोडा चिखलातून बाहेर काढा. आजूबाजूचे केस कापा. १० टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत मिसळा, साधारण लिटरला १० मिली. ते लावून १० मिनिटं ठेवा, मग धुऊन पूर्ण कोरडं करा. भिजून सुटलेलीच खपली काढा. ओढून काढली तर घोड्याला दुखतं आणि जखम वाढते. काढलेल्या खपल्या ठाणावर न टाकता जाळा.

घोडा रात्री पाय आपटत असेल, खाजवत असेल तर खरजेचे किडेही असू शकतात. त्यावर वेगळं औषध लागतं. पाय सुजला, घोडा लंगडला, ताप आला किंवा आठवडाभरात फरक पडला नाही तर पशुवैद्यकाला दाखवा. तेव्हाच धनुर्वाताची लस कधी दिली होती तेही सांगा, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि भेगाळलेला पाय चिखलातच असतो.