बोटीसाठी हवामानाचा अंदाज : ऑक्टोबर ते मे, सगळी ॲप वापरून झाल्यावर

मागच्या ऑक्टोबरात आम्ही चौघांनी पैसे काढून एक जुनी २१ फुटी शिडाची बोट घेतली. कुलाब्याला मूरिंगवर, म्हणजे पाण्यातच कायमच्या नांगराला बांधलेली असते, पावसाळ्यात वर काढायची. मेच्या मध्यापर्यंत जवळजवळ प्रत्येक रविवारी बाहेर काढली. बाकी तिघांना शिडांमधलं बऱ्यापैकी कळतं, मला कमी कळतं, त्यामुळे हवामान बघायचं खातं माझ्याकडे आलं, म्हणजे थोडक्यात शिव्या खायचं. मी एक वही केली, डावीकडे अंदाज काय होता, उजवीकडे खरंच काय झालं. तर हा त्या वहीवरचा अनुभव आहे, मी काही हवामानशास्त्रज्ञ नाही.

सुरुवात सगळ्यांची होते तशी विंडी या ॲपने झाली. दिसायला एकदम भारी, स्क्रीनवर बोट फिरवलं की अख्खा अरबी समुद्र रंगीत दिसतो, आणि एकाच जागी युरोपियन, अमेरिकन, जर्मन अशी अंदाजाची संगणकी मॉडेलं शेजारी शेजारी बघता येतात. तिन्ही ८-९ नॉट (ताशी सागरी मैल) दाखवत असली की मी बिनधास्त ग्रुपवर टाकायचो, उद्या मस्त वारा. हे किती येड्यासारखं होतं ते नंतर कळलं. मॉडेल नकाशाचे चौकोन पाडून हिशोब करतं, ती त्याची जाळी; युरोपियन मॉडेलची साधारण ९ किलोमीटरची, अमेरिकनची १३ च्या आसपास. गेटवेवरून उरण किती, तर १० किलोमीटर. म्हणजे कुलाबा, मधलं बंदर आणि पलीकडचं उरण हे सगळं त्या मॉडेलच्या एक-दोन चौकोनांत कोंबलेलं, आणि आपण त्याला विचारतोय की बाबा गेटवेसमोर अकराला वारा कुठून येईल. तीन जण एकमताने सांगतायत, पण तिघांचीही चाळणी मोठ्या भोकांची आहे.

डिसेंबरातला एक रविवार तर सगळ्यांच्या लक्षात आहे. मांडव्याला जायचं होतं, गेटवेपासून सात-साडेसात नॉटिकल मैल. अंदाज होता की अकरापासून वायव्येचा ८-९ नॉट वारा, म्हणजे जाताना वारा पाठीशी, आरामाचं काम. एकादशी होती, सव्वाआठची भरती, ओहोटीबरोबर निघालो. साडेनऊला जो काही मतलई वारा होता तो पण गेला. पाणी तेलासारखं सपाट. सनकरॉकच्या दिव्याच्या पुढे आम्ही नुसते तरंगतोय, ओहोटी हळूहळू बाहेर ओढतेय आणि समोरून न्हावा-शेव्याकडे जाणारं कंटेनर जहाज येतंय, जे आपल्यासाठी वळत नसतं. इंजिन दोरी ओढून ओढून सुरू होईना (प्लग खराब, चूक आमचीच). दोन वल्ह्यांवर जहाजांच्या चॅनेलच्या बाहेर आलो तेव्हा हाताची साल निघाली होती. वारा आला पावणेदोनला, आणि आला तो ९ नाही, १६ तरी असेल. मांडवा राहिलं, डबे बोटीतच खाल्ले आणि परत.

त्या दिवशी घरी येऊन बसलो आणि पहिल्यांदा नीट वाचलं की झालं काय. मुंबईत थंडीत आणि नंतर मार्चपर्यंत सकाळी जमिनीवरून पूर्व-ईशान्येचा वारा असतो, शाळेत शिकलेला मतलई वारा, त्यात वरून जर मोठ्या पट्ट्याचा पूर्वेचा वारा पण जोरात असेल तर खारा वारा अडून बसतो. जमीन तापत राहते, तो बाहेर समुद्रावर थांबलेला असतो, आणि मग दुपारी एकदम घुसतो. मॉडेलं मोठ्या पट्ट्यातला पूर्वेचा वारा छान पकडतात, पण अडलेला वारा नक्की किती वाजता आत येणार ते नाही.

आता गंमत बघा, हेच कारण आपण पेपरात नेहमी वाचतो. सांताक्रूझला ३६-३७ डिग्री गेलं की हवामान खात्याचे लोक सांगतात, समुद्री वारे उशिरा सुरू झाले म्हणून पारा चढला. मी ते उलटं वापरायला लागलो. शनिवारी संध्याकाळी हवामान खात्याचा उद्याच्या कमाल तापमानाचा अंदाज बघायचा, सांताक्रूझ नेहमीपेक्षा तीन-चार डिग्री चढं दाखवतायत म्हणजे वारा एक-दीडच्या आत येत नाही, लवकर निघण्यात अर्थ नाही, नाश्ता करून या. ३१-३२ म्हणतायत म्हणजे साडेअकरा-बाराला तयार राहा. सेलिंगच्या कुठल्याच ॲपने मला इतकं बरोबर सांगितलं नाही जितकं या एका आकड्याने सांगितलं.

दुसरी गोष्ट विमानतळाची. मुंबई विमानतळाचा मेटार रिपोर्ट दर अर्ध्या तासाने येतो, फुकट, कुठेही सापडतो. तो अंदाज नाही, तिथला प्रत्यक्ष मोजलेला वारा आहे. सकाळी ०७०-०८० अंशावरून ४-५ नॉट असं काहीतरी दिसतं. ज्या क्षणी तो आकडा २८०-३०० वर उडी मारतो, तेव्हा खारा वारा जुहूच्या बाजूने आत आलेला असतो. आमच्या बाजूला कधी लगेच येतो, कधी अर्ध्या तासाने. डिसेंबरनंतर मी फोन हातात धरून मेटार रिफ्रेश करत बसायचो आणि बाकीचे हसायचे, फेब्रुवारीपासून तेच विचारायला लागले, आकडा फिरला का रे.

वेळेचा घोळ पण सांगतो. काही साइटवर वेळा ग्रीनिचच्या असतात. मी पहिले दोन आठवडे ०६ म्हणजे सकाळचे सहा समजत होतो, ते आपले साडेअकरा. कोणाला सांगू नका. आणि सकाळी सहाला उठून जो ताजा अंदाज बघतो तो ताजा नसतो, आदल्या संध्याकाळच्या नाहीतर रात्रीच्या निरीक्षणांवर चालवलेला असतो, कारण मॉडेल चालून बाहेर यायलाच काही तास जातात.

मध्ये तीन महिने एक पेड ॲप घेतलं, नाव नको. एक किलोमीटरची जाळी वगैरे जाहिरात. खांदेरीच्या बाहेर, मोकळ्या समुद्रावर ठीक वाटलं. पण कुलाब्याच्या उंच बिल्डिंगांच्या आडोशाला वायव्येचा वारा तुटत तुटत येतो, एक मिनिट शांत आणि पुढच्या मिनिटाला बोट एका कुशीवर कलंडलेली, ते त्याला काय कळणार. आकडा सरासरीचा असतो, झोत वेगळे बघायला लागतात, हे सगळ्याच ॲपला लागू. पैसे आपोआप कापले जातात हे दुसऱ्या वेळी कळलं. बंद केलं.

सरकारी गोष्टींना लोक नावं ठेवतात पण मी नाही ठेवणार. हवामान खात्याचं किनारी बुलेटिन आणि मच्छीमारांसाठीचा इशारा रुक्ष असतो, वारा ताशी किलोमीटरमध्ये, म्हणजे ४५ ते ५५ लिहिलंय तर ते २४ ते ३० नॉट, आम्ही घरी बसायचं. समुद्राचं वर्णन पण ठरलेल्या शब्दांत असतं, ‘मॉडरेट’ म्हणजे सव्वा ते अडीच मीटर लाट, हे माहीत नसताना मला मॉडरेट म्हणजे बरं असं वाटायचं! लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती संस्थेचं बघतो. लांबून येणारी फुगवट्याची लाट आणि वाऱ्याने उठलेली लाट ते वेगळी दाखवतात, उंची आणि किती सेकंदांनी येते ते पण. बंदरात फारसा फरक पडत नाही, कुलाब्याचं टोक आडवं येतं, पण त्या टोकाच्या प्राँग्स दीपस्तंभाच्या बाहेर निघालात की पडतो. १२ सेकंदांची मीटरभर लाट बोट नुसती वरखाली करते, ५ सेकंदांची मीटरभर लाट पोट बाहेर काढते.

भरती-ओहोटीला ॲपची गरज आईने संपवली. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ! चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरून दहा सेकंदांत. थोडंफार मागेपुढे होतं, नेमकं हवं तेव्हा छापील तक्ता, पण बेत ठरवायला हे पुरतं. उधाणाला साडेचार मीटरच्या आसपास पाणी चढतं-उतरतं तेव्हा ती ओढ वाऱ्याइतकीच महत्त्वाची. मे महिन्यात नैऋत्येचा वारा लागला आणि उधाणाची ओहोटी त्याच्या तोंडावर बाहेर निघाली की १२ नॉटमध्ये पण पाणी उभं राहतं. ॲपवर लाट अर्धा मीटर होती, बोटीत पाणी घोट्यापर्यंत.

आमच्या लाँचवाल्या तांडेलकाकांना मी पहिल्यापासून विचारायचो, काका आज कसं. ते ससून डॉकच्या बाजूला नांगरलेल्या बोटींचे बावटे बघायचे, मग सांगायचे, ‘बाराच्या आत नाय सुटायचा.’ बहुतेक वेळा बरोबर. जानेवारीत एकदा साफ चुकले आणि त्याच दिवशी मी त्यांच्या फोनवर विंडी उघडं बघितलं. विचारलं तर म्हणाले, ‘मग काय, तूच एकटा बघतोस?’

वादळांचं मात्र वेगळं आहे. निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागच्या खाली लागलं, तौक्ते मे २०२१ मध्ये बाजूने गेलं, दोन्ही आधी दिसत होती, बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागल्यावर बोट काढायचा प्रश्नच येत नाही. मला भीती वाटते ती १३ मे २०२४ सारख्या दुपारची, घाटकोपरचं होर्डिंग पडलं त्या दिवसाची. असली धुळीची वावटळ ढग उठल्यावर तासा-दोन तासांत येते, मॉडेलच्या जाळीतून सुटते. त्याला रडार आणि हवामान खात्याचा तीन तासांचा इशारा एवढंच. म्हणून मेमध्ये आम्ही दुपारी बोट बाहेर ठेवली नाही, एकाला दर वीस मिनिटांनी रडार बघायला बसवलं, आणि तटरक्षक दलाचा १५५४ नंबर मास्टच्या खाली मार्करने लिहून ठेवला.

अजून एक गोष्ट नाही मिळाली ती म्हणजे खुद्द बंदराच्या पाण्यावरचा चालू वारा. विमानतळ लांब पडतो. उरणकडच्या करंजा किंवा मोऱ्याच्या बाजूला कोणी गच्चीवर वाऱ्याचं यंत्र लावून आकडे खुले ठेवले असतील तर मला ऑक्टोबरच्या आत कळायला हवंय. बोट सध्या वर आहे, ताडपत्री घालून, आणि नवीन प्लग आणलाय.